साहिबकिरान : गुरू-शनीची भेट आणि बादशहाची पदवी

महायुती म्हटलं की आपल्याकडे आधी जागावाटप आठवतं. पण २१ डिसेंबर २०२० ला आकाशात खरीखुरी महायुती झाली होती, गुरू आणि शनी एकमेकांपासून फक्त ०.१ अंशावर, म्हणजे चंद्राच्या रुंदीच्या पाचव्या हिश्श्याइतके जवळ. मी गच्चीवर दुर्बीण घेऊन उभा, आणि खिशातला फोन टिंगटिंग करतोय : "शनी-गुरू एकत्र, सत्तापालट अटळ!!" तेव्हा नुसता हसलो. नंतर कळलं की हा फॉरवर्ड जवळपास बाराशे वर्षं जुना आहे. नवव्या शतकात बगदादला अबू माशर नावाच्या ज्योतिषाने यावर अख्खा सिद्धांतच लिहून ठेवला होता, आणि मूळ कल्पना त्याच्याही आधीची, इराणची.

आता गंमत गणिताची आहे, आणि तीच मला सांगायचीय. स्कॉलरशिपच्या परीक्षेत घड्याळाच्या काट्यांचं गणित असायचं ना, मिनिटकाटा तासकाट्याला किती वेळाने गाठतो? अगदी तेच. गुरूची सूर्याभोवती एक फेरी ११.८६ वर्षांत, शनीची २९.४६ वर्षांत. गुरू पळत सुटतो, फेरी पूर्ण करून येतो तर शनी पुढे सरकलेला, मग त्याला गाठायला अजून आठेक वर्षं, म्हणजे दर १९.८६ वर्षांनी भेट. तेवढ्यात शनी २४२.७ अंश चाललेला असतो, म्हणजे पुढची भेट वर्तुळाच्या दोन तृतीयांशावर. तीन भेटी कागदावर मांडल्या की जवळपास समभुज त्रिकोण होतो! मेष, धनू, सिंह अशा, या तिन्ही राशी अग्नितत्त्वाच्या. जवळपास यासाठी, की तीनदा २४२.७ म्हणजे ७२८, दोन पूर्ण फेऱ्या आणि वर ८ अंश. हे ८ अंश दर साठ वर्षांनी साठत जातात, त्रिकोण हळूहळू फिरतो, आणि ३० अंशांची रास ओलांडायला सव्वादोनशे-अडीचशे वर्षं लागतात. जुने लोक २४० धरायचे. मग भेटी अग्नितत्त्वाच्या राशींतून पृथ्वीतत्त्वात जातात, पुढे वायू, मग जल, आणि ९६० वर्षांनी परत अग्नी. (हे सगळं सरासरीचं गणित, ग्रह वक्री होतात तेव्हा भेट पुढेमागे होते, पण तो विषय आत्ता नको.)

अबू माशरच्या मते साधी भेट म्हणजे किरकोळ उलथापालथ, तत्त्व बदललं की राजघराणं बदलणार, आणि ९६० चं चक्र फिरलं की नवा धर्म किंवा प्रेषित. राज्यकर्त्यांना हे का आवडलं असेल? १२५८ मध्ये मंगोलांनी बगदादचा खलिफा मारला, म्हणजे राज्याला खलिफाची मान्यता मिळवायची जुनी सोय गेली. मंगोल जगात खान व्हायचं तर चंगीझखानाचा वंशज लागायचा, मुघलांचा पूर्वज, समरकंदचा तैमूर (तैमूरलंग) तो नव्हता, म्हणून आयुष्यभर 'अमीर' आणि 'गुरगान', म्हणजे खानांचा जावई, यावरच भागवलं. मग वरून सही आणली, थेट आकाशातून : 'साहिबकिरान', युतीचा स्वामी. पुढे इस्तंबूलला ऑटोमन सुलतान सुलेमानच्या दरबारातही हीच पदवी मिरवली.

अकबराच्या वेळी तर दोन गोष्टी जुळून आल्या. १५८३ ची युती जलतत्त्वाच्या शेवटाला, पुढची १६०३ ची अग्नीत, आणि मधेच १५९१ च्या ऑक्टोबरात हिजरी १०००, म्हणजे इस्लामी कालगणनेचं हजारावं वर्ष, सुरू. १५७९ मध्येच त्याने उलेमांकडून, म्हणजे इस्लामी धर्मपंडितांकडून, लिहून घेतलं होतं की त्यांच्यात मतभेद झाले तर निवाडा बादशहाचा. मग 'तारीख-ए-अल्फी', म्हणजे हजार वर्षांचा इतिहास, लिहायला सांगितला, आणि १५८४ मध्ये नवं सौर इलाही पंचांग काढलं. ते करणारा फतहुल्ला शिराझी अकबराकडे आला तो विजापूरच्या आदिलशाहीतून, हे आपल्याकडे फारसं कुणाला माहीत नसतं. आणि हे लोक येडे नव्हते बरं का, तैमूरचा नातू उलुगबेग याने समरकंदच्या वेधशाळेत बनवलेली कोष्टकं अव्वल दर्जाची होती. ग्रह कुठे आहे ते बरोबर, त्यावरून राजा कोण ते चूक.

शाहजहान हिजरी १००० मध्येच जन्मला, ५ जानेवारी १५९२. १६२८ ला गादीवर बसताना 'साहिबकिरान सानी' झाला, सानी म्हणजे दुसरा, पहिला तैमूर. त्याच्या रुपयांवर ते कोरलेलं आहे. मी सहज २०२० पासून १९.८६ वजा करत मागे गेलो. १६०३, १५८३. मधे १५९२ नाही. तैमूरचा जन्म १३३६ चा सांगतात. भेटी १३२५ आणि १३४५ च्या. दोघांच्याही जन्मवर्षी गुरू-शनी युती नाही! (गुरू-शुक्राची धरली तर चालेल म्हणे, पण ती साधारण दरवर्षीच होते, त्या हिशेबाने माझ्या वर्गातले निम्मे साहिबकिरान.)

पदवी मात्र टिकली. मुघल बादशहा शाह आलम दुसरा, ज्याला मराठ्यांनी १७७२ मध्ये दिल्लीत परत आणून बसवलं, ज्याचा सगळा कारभार पुढे महादजी शिंद्यांच्या हातात गेला, ज्याचे १७८८ मध्ये गुलाम कादिरने डोळे काढले, त्याच्या दिल्लीच्या नाण्यांवरही शब्द आहेत 'सिक्का साहिबकिरानी'.