निर्वासित संरक्षण, भारतातील

छळाच्या भीतीने मायदेश सोडून आलेल्या परकीय व्यक्तीने भारतात आश्रय मागण्याची पद्धत. खरे तर अशी एकच पद्धत नाही. अर्जदार कोणत्या देशातून आला, यावर त्याने कोणाकडे जायचे ते ठरते. १९५१ च्या निर्वासितविषयक जिनिव्हा करारावर भारताने सही केलेली नाही, त्याला जोडलेल्या १९६७ च्या प्रोटोकॉलवरही नाही. निर्वासितांसाठी स्वतंत्र कायदाही देशात नाही. १९४६ च्या परकीय नागरिक कायद्याच्या लेखी निर्वासित आणि पर्यटक दोघेही निव्वळ ‘परकीय’ होते. १ सप्टेंबर २०२५ पासून त्या कायद्याच्या जागी नवा कायदा आला, पण त्यातही निर्वासित असा वर्ग नाही.

मराठीत ‘निर्वासित’ म्हटले की फाळणीनंतर कल्याण कॅम्पात उतरलेले आणि पुढे उल्हासनगरात स्थिरावलेले सिंधी आठवतात. त्यांचा प्रश्न डोक्यावरच्या छपराचा होता; नागरिकत्व त्यांना राज्यघटनेच्या सहाव्या अनुच्छेदानेच मिळाले. परकीय निर्वासित महाराष्ट्राने पाहिले ते कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात. १९४३ ते १९४८ या काळात तिथल्या छावणीत सुमारे ५,००० पोलिश लोक राहत होते.

तिबेटी आणि श्रीलंकेतील तमिळ यांचा प्रश्न सरकार स्वतः हाताळते. १९५९ नंतर आलेल्या तिबेटींना नोंदणी प्रमाणपत्र मिळते. ते मुदतीत नूतनीकरण करून घ्यावे लागते आणि परदेशप्रवासासाठी पासपोर्टऐवजी वेगळे ओळखपत्र काढावे लागते. गोंदिया जिल्ह्यातील गोठणगावची नॉर्ग्येलिंग वसाहत त्यांचीच. १९८३ पासून होड्यांनी रामेश्वरमच्या किनाऱ्याला लागलेल्या तमिळांना मंडपम छावणीत पोलीस चौकशी झाल्यावर तमिळनाडूतील इतर छावण्यांत पाठवले जाई.

बाकीच्यांना, म्हणजे प्रामुख्याने म्यानमार, अफगाणिस्तान आणि आफ्रिकेतील काही देशांतून आलेल्यांना, दिल्लीतील संयुक्त राष्ट्रांच्या निर्वासित उच्चायुक्तालयाकडे (यूएनएचसीआर) जावे लागते. तिथे अर्जाला शुल्क नाही. पैसे घेऊन ‘कार्ड करून देतो’ म्हणणारा दलाल फसवतो आहे असेच समजावे. आधी नोंदणी होते. कुटुंबातील प्रत्येकाचे नाव, जन्मतारीख, मूळ गाव आणि भारतात कोणत्या वाटेने आलो ते लिहून द्यावे लागते. फोटो, बोटांचे ठसे आणि डोळ्यांची प्रतिमा घेतली जाते. मागे राहिलेल्या नातलगांची नावेही याच वेळी सांगावीत, नंतर ती घालणे अवघड होते. नोंदणीनंतर अर्ज विचाराधीन असल्याचा कागद हाती येतो.

निकाल लागतो तो मुलाखतीवर. दुभाषा दिला जातो आणि स्त्रीला स्त्री अधिकारी मागता येते. सांगितलेली माहिती अर्जदाराच्या मायदेशाच्या सरकारला कळवली जात नाही. वंश, धर्म, राष्ट्रीयत्व, विशिष्ट सामाजिक गट किंवा राजकीय मत या पाचांपैकी एखाद्या कारणाने छळ होण्याची सार्थ भीती आहे का, हे अधिकारी पाहतो. नुसती गरिबी किंवा पूर-दुष्काळ या व्याख्येत बसत नाही, मग हाल कितीही होवोत. कागदपत्रे नसली म्हणून अर्ज बाद होत नाही. जीव मुठीत धरून निघालेल्या माणसाकडे ती नसतातच. अडचण होते ती विसंगतीने. एखादी तारीख आठवत नसेल तर तसे सांगणे अंदाजाने ठोकून देण्यापेक्षा बरे. विनाव्हिसा आलो हे लपवण्यातही अर्थ नाही. अर्ज नाकारल्यास ३० दिवसांत अपील करता येते. ते वेगळा अधिकारी तपासतो.

मंजुरीनंतर मिळणारे कार्ड हा भारत सरकारचा परवाना नव्हे, आणि इथेच बहुतेकांची गफलत होते. बँकेत खाते उघडायला ते पुरत नाही. कायदेशीर वास्तव्यासाठी परकीय नागरिक नोंदणी कार्यालयाकडे (एफआरआरओ) दीर्घकालीन व्हिसा मागावा लागतो. २०११ च्या केंद्रीय कार्यपद्धतीनुसार छळाच्या भीतीचा दावा सकृद्दर्शनी खरा वाटला, तर सुरक्षा तपासणीनंतर राज्य सरकार त्याची शिफारस गृहमंत्रालयाकडे करू शकते. असा व्हिसाधारक खासगी नोकरी आणि शिक्षण घेऊ शकतो. हा व्हिसा हक्क म्हणून मात्र मिळत नाही.

न्यायालयांची भूमिकाही एकसारखी नाही. १९९६ मध्ये अरुणाचल प्रदेशात राहणाऱ्या चकमांच्या (तेव्हाच्या पूर्व पाकिस्तानातून आलेल्या जमातीच्या) प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने घटनेच्या अनुच्छेद २१ चे संरक्षण परकीयांनाही आहे असे ठरवले. २०२१ मध्ये जम्मूतील रोहिंग्यांच्या अर्जावर त्याच न्यायालयाने कायदेशीर प्रक्रिया पाळून परत पाठवण्यास मोकळीक दिली. हद्दपार न होण्याचा हक्क देशात कुठेही राहण्याच्या हक्काशी निगडित असून तो फक्त नागरिकांना आहे, असे कारण दिले.

काहींचे तिसऱ्या देशात पुनर्वसन ठरते. त्या देशाचा व्हिसा हाती आला, तरी भारतातून निघण्यासाठी एफआरआरओची निर्गमन परवानगी घ्यावीच लागते.