पळायला आधी रिकामा वेळ हवा

आग्वादच्या तुरुंगाचं आता संग्रहालय झालंय. कोठड्या बघून बाहेर आलेला माणूस हमखास विचारतो, ‘इथून कुणी पळालं होतं का?’ हा प्रश्न सिनेमाने शिकवलेला. कैद म्हटली की बोगदा, खोटे कागद, पहारेकऱ्याच्या डोळ्यांत धूळ. या सगळ्या थराराचा पाया मात्र एका करारातली दोन रुक्ष कलमं आहेत.

1929 च्या जिनिव्हा करारानुसार युद्धात पकडलेल्या लष्करी अधिकाऱ्यांना कामाला जुंपता येत नव्हतं. पळताना सापडलाच, तर जास्तीत जास्त तीस दिवसांची कोठडी. म्हणजे रिकामा वेळ मुबलक आणि शिक्षा सोसण्याजोगी. साधा शिपाई खाणीत नाहीतर शेतात राबत होता. पलायनपटांचा नायक बहुधा वैमानिक किंवा कॅप्टन असतो, तो यामुळे.

‘द ग्रेट एस्केप’ (1963) हा सिनेमा दुसऱ्या महायुद्धातल्या ज्या झागानच्या जर्मन छावणीवर आहे, तिथली खरी डोकेदुखी होती माती. वर करडी, खाली पिवळी वाळू. अंगणात मूठभर जरी सांडली तरी पहारेकऱ्याला दिसायची. मग कैद्यांनी लांब अंतर्वस्त्रांचे पाय कापून पिशव्या शिवल्या आणि विजारीच्या आत लटकवल्या. खिशातली दोरी ओढली की वाळू पायाशी गळायची, ती चालता चालता तुडवून टाकायची. दूध पावडरच्या डब्यांचे तळ कापून हवेची नळी केली, खाटांच्या फळ्या बोगद्याला टेकू म्हणून गेल्या. 24 मार्च 1944 च्या रात्री 76 जण बाहेर पडले. तिघे सुटले, 73 सापडले. त्यांपैकी 50 जणांना तीस दिवसांचा नियम धाब्यावर बसवून हिटलरच्या हुकमाने गोळ्या घातल्या. मोटरसायकलची ती गाजलेली उडी निव्वळ सिनेमाची. पाहायला झकास आहे, पण तिने पिशव्या शिवणाऱ्या शेकडो हातांचं श्रेय खाल्लं, असं मला वाटतं.

जर्मनीतल्याच कोल्डिट्झच्या किल्ल्यात तर कैद्यांनी माळ्यावर चक्क ग्लायडर बांधलं. पंखांना बिछान्यांचं चौकड्यांचं कापड, त्यावर शिजवलेल्या भरडधान्याची खळ. एप्रिल 1945 मध्ये अमेरिकी फौज पोचली आणि उडायची वेळच आली नाही.

जपानने त्या करारावर सही केली होती, पण त्याला मंजुरी दिली नव्हती. ब्रह्मदेशाच्या रेल्वेवर अधिकारीही राबले. ‘द ब्रिज ऑन द रिव्हर क्वाय’ (1957) मधला कर्नल अभिमानाने पूल उभारतो. प्रत्यक्षातले फिलिप टूसी यांची माणसं लाकडात वाळवी सोडत होती. त्या रुळांपायी सुमारे बारा हजार युद्धकैदी मेले, आणि त्यांच्या कितीतरी पट आशियाई मजूर, ज्यांत मलायातले तमिळ पुष्कळ. ते पडद्यावर जवळजवळ नाहीतच.

आपल्याकडची गोष्ट 1971 च्या युद्धात पाकिस्तानच्या हाती सापडलेले हवाई दलाचे वैमानिक दिलीप परुळकर यांची. ऑगस्ट 1972 मध्ये रावळपिंडीच्या छावणीची भिंत पोखरून ते, ग्रेवाल आणि हरीश सिंहजी निसटले आणि थेट लंडी कोतलपर्यंत गेले. अफगाण सीमा हाकेच्या अंतरावर. तिथे त्यांनी लंडी खानाची वाट विचारली. नकाशात ते स्टेशन होतं. प्रत्यक्षात चाळीस वर्षांपूर्वीच बंद पडलेलं. तिथेच संशय आला. पटकथाकाराला असं सुचलं असतं तर निर्मात्याने खोडून टाकलं असतं.

गोव्यातही असा एक प्रयत्न झाला. मुक्तीनंतर तीन हजारांवर पाखले, म्हणजे पोर्तुगीज, फोंडा, वास्को, आग्वाद इथल्या छावण्यांत होते. मार्च 1962 मध्ये फोंड्याच्या छावणीतून काही जण कचऱ्याच्या ट्रकात लपून निघाले. जाणार कुठे, तीन बाजूंना भारत आणि चौथीला समुद्र! बेत फसला, वातावरण तापलं. एका जेझुइट पाद्रीच्या मध्यस्थीने ते निवळलं. मे महिन्यात बहुतेक सगळे मायदेशी गेले.

गोवा मुक्तिलढ्यातले मोहन रानडे तेव्हाही लिस्बनजवळच्या काशियश किल्ल्यात होते. ऑक्टोबर 1955 मध्ये बेतीच्या पोलीस चौकीवरच्या हल्ल्यात ते जखमी होऊन पकडले गेले. शिक्षा 26 वर्षांची. पोर्तुगालच्या लेखी ते युद्धकैदी नव्हतेच, गुन्हेगार होते. त्यामुळे दोन्ही कलमं त्यांच्या कामाची नव्हती. इकडे सुधीर फडके आणि इतरांनी सुटकेसाठी खटपट चालू ठेवली. रानडे सुटले जानेवारी 1969 मध्ये.