अननसाची गोळी आणि सुजेची गोळी

जुलैत भिंतींवर बुरशी चढली की माझे गाल आतून ठणकायला लागतात, सायनसचा त्रास. गेल्या पावसात शेजारच्या काकींनी सांगितले, "अगो, ती अननसाची गोळी घे, नाक मोकळे होते." फोंड्यात फार्मसीत जाऊन मी तसेच मागितले. घरी येऊन पाकीट वाचले, तर आत सेराटिओपेप्टिडेज. अननसाचा त्याच्याशी काडीचाही संबंध नाही.

घोळ व्हायला कारण आहे. दोन्ही प्रथिने तोडणारी एन्झाइम, दोन्ही सूज उतरवतात अशी ख्याती. पण अननसातले ते ब्रोमेलेन. गोळीसाठी ते बहुधा फळाच्या फोडींतून नव्हे, तर फळ काढल्यावर उरणाऱ्या खोडातून मिळवतात. सेराटिओपेप्टिडेजचे मूळ जपानमध्ये रेशीमकिड्याच्या आतड्यात सापडलेल्या सेराशिया नावाच्या जिवाणूत. आता 'नैसर्गिक' म्हणायचे तर दोन्ही नैसर्गिकच! आपल्याकडे ब्रोमेलेन पुष्कळदा ट्रिप्सिन हे आणखी एक एन्झाइम आणि रुटोसाइड हे वनस्पतींतले द्रव्य यांच्या जोडीने मिळते, आणि ट्रिप्सिन सहसा जनावरांच्या स्वादुपिंडातून काढतात. हे मी काकींना अजून सांगितलेले नाही.

सायनससाठी पुरावा शोधायला गेले तर ब्रोमेलेनच्या पदरात थोडे अधिक पडते. जर्मनीत 2005 साली 116 मुलांवरचा एक अभ्यास प्रसिद्ध झाला. नुसते ब्रोमेलेन घेतलेली मुले नेहमीचे उपचार घेणाऱ्यांपेक्षा साधारण एक दिवस आधी बरी झाली. मात्र मुलांना कोण काय घेते हे झाकून ठेवलेले नव्हते, म्हणून त्या एका दिवसावर मी फार भार टाकणार नाही. सेराटिओपेप्टिडेजची गोष्ट याहून बोलकी. नव्या चाचणीत सेराटिओपेप्टिडेज औषधच नसलेल्या दिखाऊ गोळीपेक्षा सरस ठरले नाही, तेव्हा ते बनवणाऱ्या ताकेदा कंपनीनेच 2011 मध्ये जपानच्या बाजारातून ते मागे घेतले. आपल्याकडे ते अजून जोरात खपते.

आणि खपते ते एकटे नाही. पुष्कळ पाकिटांत त्याच्यासोबत डायक्लोफिनॅक किंवा असिक्लोफिनॅक हे वेदनाशामक असते, वर पॅरासिटामॉल. माझ्या पाकिटातही होते. दुसऱ्या दिवशी डोके हलके झाले, त्याचे श्रेय मी एन्झाइमला देत होते. काम केले होते वेदनाशामकाने. ज्यांना अल्सर आहे, मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी 'एन्झाइमच तर आहे' म्हणून ते गिळले तर महागात पडेल.

रक्त पातळ करणारे औषध चालू असेल किंवा शस्त्रक्रिया ठरली असेल, तर दोन्हींबाबत आधी डॉक्टरांना विचारावे. अननसाची ॲलर्जी असणाऱ्याने ब्रोमेलेन टाळावेच. सेराटिओपेप्टिडेज जठरातल्या आम्लात निकामी होते, म्हणून त्यावर खास आवरण असते. ती गोळी मोडून घेऊ नये.

मग म्हापशाच्या शुक्रवारच्या बाजारातून अननसच आणला तर? आणा, खा. पोर्तुगीजांनी आणलेले फळ, नावासकट आपले झाले. पण औषधाच्या मात्रेएवढे ब्रोमेलेन चार फोडींत येत नाही, आणि उष्णतेने ते मरते. डब्यातल्या, म्हणजे आधीच तापवलेल्या, अननसाची जिलेटिनची जेली घट्ट होते, ताज्याची होत नाही, ते यामुळेच. सांसवासाठी, म्हणजे मोहरी-नारळाच्या आपल्या गोड-आंबट कालवणासाठी, अननस शिजवून घेतला असेल तर त्यातही काही उरत नाही, चव सोडून.

मी सध्या उकळून गार केलेल्या पाण्यात मीठ घालून नाक धुते. नळाचे पाणी तसेच कधी वापरत नाही. साधी सर्दी उतरायला दहाएक दिवस देते. त्यापुढे गेली, किंवा बरे वाटता वाटता पुन्हा ताप आणि गालदुखी सुरू झाली, की नाक-कान-घशाच्या डॉक्टरांकडे. डोळ्याभोवती सूज आली किंवा दिसायला अंधूक झाले तर मात्र दहा दिवस मोजत बसत नाहीत, त्याच दिवशी जातात.