गजकर्णाच्या ट्यूबमध्ये स्टेरॉइड कसं शिरलं

"लय खाजायलंय भाऊ, मागच्या टायमाला दिलती तीच ट्यूब द्या." पावसाळा लागला की मराठवाड्यातल्या कुठल्याही तालुक्याच्या गावी मेडिकलवर हे ऐकू येतं. खाज जांघेत असते, त्यामुळे सांगणारा आवाज खाली ठेवतो आणि दुकानदारही फार खोदून विचारत नाही. दोन मिनिटांत ट्यूब खिशात जाते. त्या ट्यूबमध्ये काय काय असतं आणि ते तिथं कधी आलं, हे कळल्याशिवाय आजचं हटवादी गजकर्ण समजत नाही.

रोग जुनाच आहे. आयुर्वेदात तो दद्रू या नावानं येतो. पावसाळ्यात बांधावर उगवणारा आणि आपण ज्याची भाजी खातो तो तरोटा, त्याचं एक संस्कृत नावच दद्रुघ्न आहे. पण हा रोग बुरशीचा, हे कळायला एकोणिसावं शतक उजाडलं, आणि तेही रेशमाच्या अळीमुळे. इटलीत रेशमाच्या अळ्या पांढऱ्या पडून खडूसारख्या कडक होऊन मरत. आपल्या बीड-जालन्याच्या रेशीम शेतकऱ्यांना हा प्रकार नवा नाही. हे बुरशीचं काम आहे, असं ऑगस्टिनो बास्सी यांनी 1835 मध्ये दाखवलं. मग माणसाच्या कातडीतही तसंच काही असेल का, हा प्रश्न पुढं आला. 1839 मध्ये जर्मन डॉक्टर शोनलाइन यांना डोक्याच्या खपल्यांत बुरशी सापडली आणि 1841 पासून पॅरिसमध्ये डेव्हिड ग्रुबी यांनी ते पक्कं केलं.

औषधं मात्र सावकाश आली. 1907 मध्ये आर्थर व्हिटफिल्ड यांनी बेन्झॉइक आम्ल 6 टक्के आणि सॅलिसिलिक आम्ल 3 टक्के असं मलम सुचवलं. ते झोंबतं, कातडीचे पापुद्रे काढतं, पण स्वस्त आहे आणि काम करतं. 1958 च्या सुमारास ग्रिसिओफल्विनच्या गोळ्या आल्या. 1960 चं दशक संपता संपता क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल आली आणि 1990 च्या दशकात टर्बिनाफिन. बुरशीच्या पेशीच्या पापुद्र्याला अर्गोस्टेरॉल नावाचा पदार्थ लागतो, माणसाच्या पेशीला लागत नाही. क्लोट्रिमाझोल, मायकोनाझोल आणि टर्बिनाफिन तेच तयार होऊ देत नाहीत. म्हणून साधं बुरशीनाशक मलम नीट लावलं तर ते बऱ्यापैकी निर्धोक असतं. दोष त्याच्या सोबत्याचा आहे.

हा सोबती म्हणजे स्टेरॉइड, कातडीची सूज-लाली दाबणारं औषध. 1952 मध्ये हायड्रोकॉर्टिसोन कातडीवर लावून गुण येतो हे दिसलं, पुढं बेटामेथासोन आणि त्याहून जहाल क्लोबेटासॉल आलं. इसब, सोरायसिससाठी ही मोलाची औषधं आहेत. गजकर्णावर लावली तर लाली आणि खाज दोन दिवसांत बसते, कारण शरीराचा बुरशीशी चाललेला झगडाच ती दाबून टाकतात. बुरशी आत सुखानं पसरते. चट्ट्याची ठळक गोल कड पुसट होते आणि रोग ओळखू येईनासा होतो. 1968 मध्येच ब्रिटिश डॉक्टरांनी या वेषांतर केलेल्या गजकर्णाला वेगळं नाव दिलं होतं. म्हणजे धोका पन्नासहून अधिक वर्षांपासून माहीत आहे, याचा मला फार त्रास होतो.

तरीही आपल्याकडे एका ट्यूबमध्ये बुरशीनाशक, प्रतिजैविक आणि स्टेरॉइड असं तीन-चार औषधांचं मिश्रण सर्रास खपत राहिलं. रोग कोणता ते ओळखायची गरज नाही, काहीतरी लागू पडेलच, हा त्यामागचा हिशेब. त्यातच चिठ्ठीशिवाय न विकायच्या औषधांच्या यादीला, म्हणजे शेड्यूल एचला, बाहेरून लावायच्या औषधांसाठी सूट होती. त्वचारोगतज्ज्ञांच्या संघटनेनं बरीच वर्षं पाठपुरावा केला, तेव्हा मार्च 2018 मध्ये 14 स्टेरॉइडांची मलमं चिठ्ठीच्या कक्षेत आली. नियम झाला, पण "मागच्या टायमाला दिलती ती" हे वाक्य थांबलं नाही.

माझ्या पुतण्याचंच सांगते. दोन वर्षांत त्यानं वापरलेल्या ट्यूबा वहिनींनी बिस्किटाच्या डब्यात साठवल्या होत्या. सगळ्या खालून घट्ट गुंडाळत आणलेल्या, घटकांची बारीक अक्षरं घडीत गेलेली. मी एकेक उलगडून वाचली. सातपैकी पाचांत क्लोबेटासॉल. पोराच्या मांड्यांच्या आतल्या बाजूला बाळंतिणीच्या पोटावर असतात तसे वळ उठलेत. कातडी पातळ होऊन पडलेले हे वळ आता जाणार नाहीत.

दरम्यान बुरशीही बदलली. भारतात पसरलेल्या, टर्बिनाफिनला सहसा न जुमानणाऱ्या एका जातीला 2020 मध्ये ट्रायकोफायटन इंडोटिनी हे नाव मिळालं, आणि 2023 मध्ये अमेरिकेत न्यूयॉर्कला तिचे पहिले दोन रुग्ण नोंदले गेले. डाळिंबावर, मोसंबीवर फवारणी करणाऱ्याला हे समजावून सांगावं लागत नाही. तेच बुरशीनाशक अर्ध्या मात्रेत पुन्हा पुन्हा मारलं की पुढच्या हंगामात ते लागू पडत नाही.

त्यात आपलं राहणीमान. 2016 मध्ये लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं होतं. टंचाईत कपडे रोज धुवा म्हणणं सोपं नाही. ऊसतोडीच्या कोपीत एकाच वाकळेखाली तिघं झोपतात, ओलसर कपडे अंगावरच वाळतात. म्हणून मी कुणाच्या अस्वच्छतेला नावं ठेवणार नाही. टॉवेल आणि आतले कपडे प्रत्येकाचे वेगळे, जमेल तितके कडक उन्हात, उलटे करून वाळवलेले, एवढं झालं तरी पुष्कळ.

मलम घेताना ट्यूबवर एकच बुरशीनाशक आहे ना ते बघा. घटकाच्या नावाच्या शेवटी "सोन" किंवा "सॉल" दिसलं तर विचारल्याशिवाय लावू नका. जागा धुऊन, पूर्ण कोरडी करून, चट्ट्याच्या कडेबाहेर दोनेक सेंटिमीटरपर्यंत पातळ थर लावायचा. खाज थांबली म्हणून सोडायचं नाही, चट्टा दिसेनासा झाल्यावरही डॉक्टर सांगतील तितके दिवस, बहुतेकदा दोन आठवडे तरी, चालू ठेवायचं. डोक्यात किंवा नखात असेल तर मलमानं भागत नाही, गोळ्या लागतात. मधुमेह, गरोदरपण, तान्हं बाळ, किंवा चट्टे अंगभर, यांत मेडिकलवर न थांबता त्वचारोगतज्ज्ञाकडेच जावं. बरेच दिवस स्टेरॉइड लावलेलं असेल तर तेही सांगावं, कारण ते सोडल्यावर काही दिवस खाज उसळते आणि माणूस घाबरून पुन्हा त्याच ट्यूबकडे वळतो.

पुतण्याचं असंच झालं होतं. डॉक्टरांनी चट्ट्याचा कोंडा खरवडून, काचपट्टीवर पोटॅशचा थेंब टाकून सूक्ष्मदर्शकाखाली पाहिला आणि विचारलं, घरात अजून कुणाला आहे? तो नाही म्हणाला. दुसऱ्या खेपेला वहिनी सोबत गेल्या, तेव्हा कळलं की त्यांना कमरेला, आजोबांना पोटावर आणि धाकटीला मानेवर, असं तिघांनाही वर्षभरापासून होतं. लाजेपायी कुणीच कुणाला सांगितलं नव्हतं.