मानशीला न जमणारं काम

गोव्यातल्या दिवाडी किंवा चोडण बेटावर खाजनाच्या, म्हणजे नदीकाठच्या सखल खाऱ्या शेतजमिनीच्या, बांधावरून जाताना मानशीपाशी, म्हणजे बांधातल्या पाण्याच्या दारांपाशी, थोडं थांबून पाहावं. भरती चढू लागली की खाऱ्या पाण्याच्या रेट्यानेच लाकडी दारं मिटतात. ओहोटी लागली की आतलं पाणी तीच दारं ढकलून नदीत उतरतं. माणूस नको, इंजिन नको. दोन बाजूंच्या पाण्याच्या पातळीतला फरक एवढंच तिचं बळ.

बांधाआड कोरगुट हे खारं सोसणारं भात उभं असतं. त्या रोपातल्या प्रत्येक पेशीभोवतीही एक बांध आहे: पेशीपटल. स्निग्ध रेणूंचा दुहेरी थर, जाडी जेमतेम ५ नॅनोमीटर. मिठातला सोडियम पाण्यात सुटला की विद्युतभारित आयन होतो, पाण्याचे रेणू त्याला वेढून बसतात, आणि असा आयन तेलकट थरातून पार होत नाही. त्याची ये-जा होते ती पटलात रोवलेल्या प्रथिनांतून.

यातली काही प्रथिनं मानशीच्या जातीची. दार उघडलं की आयन जिथे जास्त तिथून जिथे कमी तिकडे धावतात. एका दारातून सेकंदाला लाखो. मात्र नदी चढलेली असताना आतलं पाणी बाहेर काढणं मानशीला कधीच जमत नाही. पेशीला हे काम अखंड करावं लागतं. त्यासाठी पंप लागतो, आणि पंपाला इंधन.

असा पंप प्रथम ओळखता आला तो कुर्ल्यांमुळे. डेन्मार्कमध्ये येन्स स्कौ किनाऱ्यावरच्या कुर्ल्यांच्या पायांतल्या मज्जातंतूंवर काम करत होते. त्यांनी १९५७ मध्ये या प्रथिनाविषयी लिहिलं. नोबेल मिळालं १९९७ मध्ये. एटीपी या इंधनाचा एक रेणू खर्चून हे प्रथिन तीन सोडियम बाहेर टाकतं आणि दोन पोटॅशियम आत घेतं. त्याचं तोंड आधी आत उघडतं, सोडियम पकडले की मिटतं, मग बाहेर उघडतं. दोन्ही बाजू एकाच वेळी उघड्या कधीच नसतात. आपल्या शरीरातही हा पंप आहे.

भाताकडे मात्र तो नाही. भाताची रीत निराळी, आणि मला तीच जास्त देखणी वाटते. रोप एटीपी खर्चून पेशीबाहेर प्रोटॉन, म्हणजे हायड्रोजनचे धनभारित आयन, फेकत राहतं. बाहेर त्यांची दाटी होते, परतायची ओढ तयार होते. मग दुसरं एक प्रथिन त्यांना आत घेतं, पण त्या बदल्यात सोडियम बाहेर काढतं. म्हणजे रोप आधी स्वतःची भरती उभी करतं आणि तिच्याच जोरावर मीठ हाकलतं! उरलेलं काही मीठ याच पद्धतीने पेशीतल्या रिक्तिकेत, म्हणजे पाण्याने भरलेल्या पिशवीत, कोंडलं जातं. शिवाय वर पानांकडे निघालेल्या रसातून सोडियम वाटेतच काढून घेणारं प्रथिन वेगळं. त्याचा जनुक २००५ मध्ये नोना बोकरा या खारं सोसणाऱ्या भातात सापडला.

हे सगळं फुकट होत नाही. बांध फुटून खारं पाणी शेतात साचून राहिलं, तर दाण्यात जायची शक्ती पंपांवर खर्च होते. कोरगुटालाही मर्यादा आहेच. अशा शेतात खाली वाकून पाहिलं तर जुन्या पानांची टोकं आधी करपलेली दिसतात. पाणी वाफ होऊन गेलेलं असतं, सोडियम तिथेच साठलेला.