डुलकीनंतरचा अर्धा तास

२२ मे २०१० रोजी पहाटे दुबईहून मंगळुरूला आलेले एअर इंडिया एक्स्प्रेसचे विमान धावपट्टीच्या आरंभापासून सुमारे ५,२०० फूट पुढे जाऊन टेकले, उरलेल्या अंतरात ते थांबू शकले नाही आणि धावपट्टीपलीकडच्या दरीत कोसळून १५८ जणांचा मृत्यू झाला. निवृत्त एअर मार्शल भूषण गोखले यांच्या अध्यक्षतेखाली नेमलेल्या चौकशी न्यायालयाने कॉकपिटमधील ध्वनिमुद्रण तपासले, तेव्हा सुमारे दोन तासांच्या त्या मुद्रणात पहिला एक तास चाळीस मिनिटे मुख्य वैमानिक झोपेत असल्याचे आढळले. त्याच्या घोरण्याचा आवाजही त्यात होता. विमान नेमून दिलेल्या उंचीपेक्षा खूपच वरून उतरत होते आणि सहवैमानिकाने उतरणे रद्द करण्यास तीनदा सांगितले, तरीही मुख्य वैमानिकाने ते चालूच ठेवले. हाच हट्ट अपघाताचे थेट कारण ठरला. मात्र दीर्घ झोपेतून उठल्यानंतर विमान उतरवण्यास फारच थोडा अवधी उरला होता, त्यामुळे झोपेच्या जडत्वाने त्याची निर्णयशक्ती मंदावली असण्याची शक्यता आहे आणि पहाटेच्या वेळेने तिच्यात भर पडली असावी, असेही न्यायालयाने अपघाताला हातभार लावणाऱ्या घटकांत स्पष्टपणे नोंदवले.

झोपेचे जडत्व म्हणजे जाग आल्यावरही मेंदू पुरता कामाला न लागण्याची अवस्था. डोळे उघडलेले असतात, माणूस बोलतो, चालतो, विचारल्यास उत्तरही देतो. परंतु त्याची प्रतिक्रिया मंद असते, आकडेमोड चुकते आणि समोरच्या परिस्थितीचा अर्थ लावताना गफलत होते. सर्वसाधारणपणे ही गुंगी पंधरा ते तीस मिनिटांत बरीचशी ओसरते, पण झोपेची थकबाकी मोठी असल्यास ती त्याहून बराच काळ रेंगाळू शकते.

मेंदू एकाच वेळी सगळा जागा होत नाही, हे यामागचे मुख्य कारण आहे. अमेरिकेतील संशोधकांनी २००२ मध्ये प्रसिद्ध केलेल्या एका अभ्यासात, नुकत्याच जाग्या झालेल्या व्यक्तींच्या मेंदूतील रक्तप्रवाह प्रतिमांद्वारे मोजला. जाग येताच मेंदूचा बुंधा आणि थॅलॅमस हे आतले भाग आधी पूर्वपदावर आले; मात्र नियोजन करणे, धोका तोलणे, घाईचा निर्णय रोखून धरणे ही कामे ज्याच्याकडे असतात, त्या कपाळामागच्या भागातील रक्तप्रवाह वाढण्यास पुढची वीसेक मिनिटे लागली. मोठ्या वाड्यात तळमजल्यावरची चूल पहाटेच पेटावी आणि माडीवरची कर्ती माणसे मात्र उशिरा उठावीत, असाच हा क्रम आहे. मेंदूच्या विद्युतलहरींचे आलेखही याला दुजोरा देतात, कारण गाढ झोपेत दिसणाऱ्या मंद लहरी जाग आल्यावरही काही काळ तशाच टिकून असतात.

हे जडत्व किती तीव्र असू शकते, याची कल्पना कोलोरॅडो विद्यापीठातील केनेथ राइट आणि त्यांच्या सहकाऱ्यांच्या २००६ मधील अभ्यासावरून येते. त्यात सहभागी झालेल्यांना पुरेशी झोप घेतल्यावर, उठल्या उठल्या बेरजा करायला दिल्या आणि नंतर त्यांनाच सलग २६ तास जागे ठेवून त्याच प्रकारच्या बेरजा करवून घेतल्या. उठल्यानंतरच्या पहिल्या काही मिनिटांतील कामगिरी त्या संपूर्ण जागरणातील कामगिरीपेक्षाही वाईट होती. हे आठ तासांच्या व्यवस्थित झोपेनंतरचे चित्र आहे. रात्रपाळीत घाईघाईने घेतलेल्या डुलकीनंतर परिस्थिती याहून अवघड असते.

दुपारच्या वामकुक्षीचा अनुभव रात्रीच्या डुलकीला लावणे म्हणूनच चुकीचे आहे. मध्यरात्रीनंतर शरीराचे आंतरिक घड्याळ झोपेच्या बाजूने झुकलेले असते, शरीराचे तापमान उतरत जाऊन पहाटे चार-पाचच्या सुमारास नीचांकाला पोहोचते आणि विमान वाहतुकीत तर दोन ते सहा हा काळ सर्वाधिक जोखमीचा म्हणून वेगळा धरला जातो. त्यातच आदल्या सकाळपासून जागे असलेल्या माणसाच्या मेंदूत झोपेचा दाब साठलेला असतो. परिणामी दुपारी ज्या गाढ झोपेपर्यंत पोहोचायला अर्धा तास लागेल, ती रात्री तीन वाजता फार लवकर लागते आणि वीस-तीस मिनिटांनी गजर वाजतो तेव्हा माणूस नेमका गाढ झोपेतून ओढून काढला जातो. दुपारी दहा मिनिटांची डुलकी तरतरी देते, असे प्रयोगांत दिसले आहे. रात्री मात्र तेवढ्याच डुलकीने जडत्व टळत असले तरी कामगिरीत फारशी सुधारणा होत नाही.

मग झोपूच नये काय? तसे मुळीच नाही, आणि हे मी ठामपणे लिहितो, कारण जडत्वाची भीती दाखवून रात्रपाळीतील विश्रांती बंद करणारे व्यवस्थापन अधिक मोठे संकट ओढवून घेत असते. नासाने १९९४ मध्ये प्रसिद्ध केलेल्या अहवालानुसार, लांब पल्ल्याच्या उड्डाणांत ज्या वैमानिकांना ४० मिनिटांची नियोजित विश्रांती मिळाली, ते सरासरी सुमारे २६ मिनिटे झोपले आणि उड्डाणाच्या अखेरच्या टप्प्यात, विश्रांती न मिळालेल्या वैमानिकांपेक्षा अधिक सावध राहिले. जपानमधील परिचारिकांना अनेक ठिकाणी १६ तासांची रात्रपाळी करावी लागते. ती डोळ्यांसमोर ठेवून हिरोशिमा विद्यापीठाच्या सानाए ओरियामा यांनी २०२३ मध्ये एक विश्लेषण प्रसिद्ध केले. मध्यरात्री संपणारी एकच १२० मिनिटांची झोप घेण्यापेक्षा मध्यरात्री संपणारी ९० मिनिटांची आणि पहाटे तीनला संपणारी ३० मिनिटांची अशा दोन झोपा घेतल्यास पेंग अधिक काळ दूर राहते, असे त्यात दिसले. यातला मला महत्त्वाचा वाटणारा भाग वेळेचा आहे: मोठी झोप रात्रीच्या पूर्वार्धात, शरीर नीचांकाला पोहोचण्यापूर्वी घ्यायची आणि छोटी नंतर घ्यायची.

या सगळ्यात सर्वांत फसवी गोष्ट अशी की, गुंगीत असलेल्या माणसाला आपण गुंगीत आहोत हे नीट कळत नाही. ‘आता मी ठीक आहे’ ही भावना प्रत्यक्ष कामगिरी सुधारण्याच्या आधी येऊ शकते. अशा गुंगीत केलेली घाई किती महागात पडते, हे जानेवारी २०११ मध्ये टोरांटोहून झुरिककडे निघालेल्या एअर कॅनडाच्या विमानात दिसले. ४० मिनिटांची मर्यादा असताना सहवैमानिक सुमारे ७५ मिनिटे विसावला होता. जाग आल्यावर त्याने आधी शुक्राच्या तेजस्वी ग्रहबिंबाला समोरून येणारे विमान समजले आणि क्षणभराने हजार फूट खालून येणारे खरे विमान दिसताच, ते आपल्यावर आदळणार असे वाटून त्याने विमान एकदम खाली झुकवले. १६ जण जखमी झाले. विश्रांतीनंतर पंधरा मिनिटे कोणतेही काम करू नये, असा नियम त्या कंपनीत होता. तो पाळला गेला नाही.

गुंगी लवकर उतरवण्याच्या उपायांत कॉफीचा पुरावा सर्वांत भक्कम आहे, फक्त ती झोपण्यापूर्वी घ्यावी लागते. कॅफिनचा परिणाम जाणवायला वीस ते तीस मिनिटे लागतात, म्हणजे कॉफी पिऊन लगेच अर्धा तास पडल्यास उठण्याच्या सुमारास तिचा अंमल सुरू होतो. प्रखर प्रकाशाने मरगळ कमी वाटते. थंड पाण्याने तोंड धुण्याचा परिणाम होतो, पण तो अल्पजीवी असतो. घाटाच्या पायथ्याशी ट्रक थांबवून झोपलेला चालक तोंडावर पाणी मारून लगेच वळणांना भिडतो, तेव्हा त्याने केवळ चेहरा जागा केलेला असतो.

आपल्याकडच्या रुग्णालयांत याचा विचार फारसा होत नाही. पहाटे तीन वाजता गाढ झोपेतून उठवलेला निवासी डॉक्टर फोनवरच औषधाची मात्रा सांगतो आणि कपाळामागचा भाग पुरता जागा झालेला नसताना सांगितलेली ती मात्रा तशीच दिली जाते. तातडीच्या प्रसंगी वीस मिनिटे थांबता येत नाही, हे खरेच. पण मात्रा कागदावर लिहून पाहणे, जाग्या असलेल्या परिचारिकेने ती मोठ्याने वाचून पडताळणे आणि जिथे थांबता येते तिथे अर्ध्या तासाने आदेश पुन्हा तपासणे, एवढे तर कोणत्याही वॉर्डात आजपासून करता येण्यासारखे आहे. पाळीचे वेळापत्रक आखताना तीस मिनिटांच्या डुलकीसाठी साठ मिनिटे राखून ठेवली, तरच ती डुलकी रुग्णाच्या कामी येईल.