एअर रायफलची नळी: शिशाचे छर्रे, सफाई आणि निगा

छर्ऱ्याच्या रायफलची नळी शिशाने क्वचित बिघडते. ती बिघडते चुकीच्या सळईने, तारेच्या ब्रशने आणि नको तिथे घातलेल्या तेलाने. म्हणून रायफल हाती आल्यावर सफाईचे सामान उघडण्याआधी हे पत्रक एकदा पूर्ण वाचावे, ही विनंती. यातली माहिती ४.५ मिलिमीटर, म्हणजे ०.१७७ बोअरच्या रायफलींसाठी आहे. स्प्रिंगच्या आणि दाबाच्या हवेवर चालणाऱ्या (पीसीपी) रायफलींत जिथे फरक पडतो, तिथे तो वेगळा सांगितला आहे. ५० मीटरच्या .२२ रायफलबद्दल शेवटी थोडक्यात लिहिले आहे.

नळीत काय साचते

दहा मीटरच्या स्पर्धेतला सपाट डोक्याचा छर्रा साधारण ०.५३ ग्रॅमचा असतो. त्याचे डोके रायफलिंगच्या, म्हणजे नळीच्या आतल्या वळणदार खाचांच्या, कडांवर बसून फिरकी घेते. मधली कंबर बारीक असते. मागचा पोकळ, पातळ घेर, ज्याला स्कर्ट म्हणतात, हवेच्या दाबाने फुलतो आणि नळी बंद करतो. ही दोन्ही कामे शिसे मऊ असल्यामुळेच होतात, आणि मऊ असल्यामुळेच त्याचा थोडा अंश नळीत मागे राहतो.

इथे दारू जळत नाही, त्यामुळे काजळी नसते. वेगही सेकंदाला १७० मीटरच्या आसपास, म्हणजे शिसे फासले जाण्याचे प्रमाण कमी. नळीतून निघते ती करडी भुकटी: शिशाची धूळ आणि छर्ऱ्यावरच्या तेलाचा किंवा ग्रॅफाइटचा अंश. हिचा पातळ, एकसारखा थर त्रासदायक नसतो, उलट उपयोगी असतो, कारण प्रत्येक छर्ऱ्याला तोच पृष्ठभाग मिळतो. नळी पूर्ण घासून काढली की हा थर जातो आणि पुढचे १५-२० छर्रे इकडेतिकडे पडतात. सामन्याच्या आदल्या रात्री सखोल सफाई करू नये, असे आम्ही आग्रहाने सांगतो ते याचसाठी.

जास्त ताकदीच्या स्प्रिंग रायफलींत, जिथे वेग २५० मीटरच्या वर जातो, तिथे शिसे खरोखर फासले जाते. ते मुख्यतः रायफलिंग सुरू होते तिथे आणि तोंडाजवळच्या किंचित आवळलेल्या भागात, म्हणजे चोकमध्ये, धरते.

सफाई कधी करावी

छर्ऱ्यांची डबी बहुधा ५०० ची असते. एक डबी संपली की एक सफाई, हे लक्षात ठेवायला सोपे माप आहे. रोजच्या सरावानंतर एक-दोन कोरे फेल्ट, म्हणजे नमद्याचे छोटे बोळे, नळीतून काढले तरी पुरते.

ग्रुप, म्हणजे एकाच नेमावर झाडलेल्या छर्ऱ्यांच्या भोकांचा पसारा, अचानक मोठा झाला तर दोष लगेच नळीला देऊ नका. आधी लाकडी कुंद्याचे स्क्रू तपासा. स्प्रिंग रायफलीत धक्क्याने ते सैल होतातच. मग साइटचे, म्हणजे नेम धरायच्या दर्शकाचे, स्क्रू, पीसीपी असेल तर सिलिंडरचा दाब, आणि डबी बदलली आहे का ते पाहा. हे सगळे जागेवर असेल, तरच नळीकडे वळा.

सफाईची पद्धत

रायफल कॉक केलेली, म्हणजे झाडायला सज्ज केलेली, नाही आणि नळीत छर्रा नाही, हे डोळ्यांनी पाहून घ्या. नळी मोडून भरायच्या रायफलीत उघडलेली नळी कशावर तरी नीट टेकवून ठेवा. चुकून ट्रिगर दाबला गेला आणि नळी झटक्यात मिटली, तर बोटे चिरडतात.

सामान फार लागत नाही. ४.५ मिलिमीटरचे फेल्ट, किंवा जुन्या मऊ सुती धोतराचे दोन सेंटिमीटरचे चौकोनी तुकडे. साधारण सव्वा मीटर लांबीची गुळगुळीत नायलॉनची दोरी. आणि नळीसाठी बनवलेले सौम्य द्रावण. दोरी दुमडून तिचा फास ब्रीचकडून, म्हणजे छर्रा भरायच्या बाजूने, आत घालायचा नसतो. आधी दोरीची दोन्ही टोके ब्रीचकडून आत सारून तोंडाकडून बाहेर काढावीत, फास मागे राहू द्यावा, त्यात तुकडा अडकवावा आणि पुढे ओढावा. दिशा कायम मागून पुढे, म्हणजे छर्रा जातो तीच.

ओढताना दोरी नळीच्या रेषेत सरळ ठेवा. तिरकी ओढली तर ती तोंडाची कड घासते. ही कड, म्हणजे क्राउन, छर्ऱ्याला स्पर्श करणारी शेवटची जागा आहे. तिथे एका बाजूला जरी ओरखडा पडला, तरी छर्ऱ्यामागची हवा एका बाजूने आधी सुटते आणि छर्रा कलतो. नळीतला असा बिघाड सफाईने जात नाही. क्राउन नव्याने कापून घ्यावी लागते. तुकडा मध्येच अडकला, तर जोर लावून खेचू नका. तो जाड झाला आहे. मागे घेऊन लहान करा.

सुरुवात दोन कोऱ्या तुकड्यांनी करा. ते काळे आले, तर तिसऱ्यावर द्रावणाचे दोन थेंब टाकून एकदा फिरवा आणि पाच मिनिटे थांबा. रायफलचे तोंड खाली ठेवा, म्हणजे ओल मागे हवेच्या छिद्राकडे जाणार नाही. नंतर कोरे तुकडे, फिकट करडा रंग येईपर्यंत, साधारण तीन-चार. अगदी पांढरा तुकडा येईपर्यंत घासत बसू नये.

पीसीपी रायफलीत दोन-तीन फेल्ट एकत्र भरून झाडता येतात आणि बरेच नेमबाज तसे करतात. स्प्रिंग रायफलीत हे मुळीच करू नका. फेल्टला वजन नसते, त्यामुळे पिस्टनपुढे हवेची उशी तयार होत नाही आणि तो पुढच्या भिंतीवर आदळतो. रिकामी रायफल झाडल्यावर होते तेच नुकसान होते: सील फाटते, स्प्रिंग तुटते.

तारेचे ब्रश आणि उघड्या पोलादाची सळई एअर रायफलसाठी नाहीत. या नळ्यांचे पोलाद मऊ असते आणि खाचा उथळ. साफ झाली का ते पाहायचे, तर प्लॅस्टिकचे आवरण असलेल्या सळईने एक छर्रा मागून हळूच ढकलत न्या. अडथळा सगळीकडे सारखा आणि शेवटी चोकमध्ये थोडा वाढलेला जाणवला, तर नळी ठीक आहे. मध्येच खरखर लागली, तर शिसे धरले आहे. द्रावणाची पायरी पुन्हा करा.

तेलाविषयी

स्प्रिंग रायफलीच्या हवेच्या छिद्रात खनिज तेल गेले, तर दाबाने हवा तापते आणि तेल डिझेल इंजिनासारखे पेट घेते. आवाज मोठा, थोडा धूर, वेग एकदम जास्त. पुष्कळांना रायफलची ताकद वाढल्यासारखे वाटते. प्रत्यक्षात सील जळत असते. पीसीपीत दाबाच्या हवेजवळ खनिज तेल धोक्याचेच आहे. तिथल्या रबरी रिंगांना फक्त सिलिकॉन ग्रीस लावावे. गंज सोडवायचे डब्यातले स्प्रे नळीत मारू नयेत.

कोकणात किंवा मुंबईत पावसाळ्यात रायफल महिनाभर पडून राहणार असेल, तर एका फेल्टवर गंजरोधक तेलाचा एकच थेंब घेऊन तो नळीतून काढा आणि रायफल आडवी किंवा तोंड खाली करून ठेवा. पुन्हा वापरताना आधी दोन कोरे तुकडे फिरवायचे. तेल राहिले तर पहिले छर्रे हमखास भलतीकडे जातात.

छर्ऱ्यांची निगा

डोक्याचे माप डबीवर लिहिलेले असते: ४.४९, ४.५०, ४.५१. कुठले माप आपल्या नळीला मानवते हे झाडूनच कळते. रायफल पक्की टेकवून दहा मीटरवर प्रत्येक मापाचे पाच-पाच छर्रे एका ठिकाणी झाडा. भोकाची बाहेरची रुंदी मोजून त्यातून ४.५ वजा करा. तो खरा ग्रुप. दोन-तीन वेळा करून पाहा, एका ग्रुपवर निर्णय घेऊ नका. जमले तर त्याच लॉटच्या, म्हणजे एकाच वेळी बनलेल्या छर्ऱ्यांच्या, डब्या घेऊन ठेवा.

स्कर्ट दबलेले छर्रे सरावातही बाजूला काढा. डबी लाकडी कपाटात किंवा खोक्यात ठेवू नका. लाकडातून आणि पुठ्ठ्यातून आंबट वाफा सुटतात आणि दमट हवेत त्यांनी शिशावर पांढरी भुकटी चढते. असे छर्रे नळीत घालू नयेत, आणि ती भुकटी हाताला लागली तर ती पोटात जाते. घट्ट झाकणाची प्लॅस्टिकची डबी आणि त्यात सिलिका जेलची पुडी, एवढे पुरे.

शिशापासून जपा

शिशाची सुरक्षित अशी मात्रा माहीत नाही, असे जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मुलांना त्याचा त्रास सर्वांत जास्त. छर्रे तोंडात धरायची सवय मुलांना पहिल्याच दिवशी मोडा. नेमबाजीच्या जागी खाणे-पिणे नको. सराव किंवा सफाई झाली की साबणाने हात धुवा, मगच पाण्याची बाटली किंवा डबा. छर्रे अडवायच्या पेटीखालची धूळ केरसुणीने झाडू नका, ती हवेत उडते. ओल्या फडक्याने पुसा आणि फडके वेगळ्या पिशवीत टाका. जमलेले शिसे भंगारवाल्याकडे द्यावे. घरी वितळवू नये.

.२२ रायफल असेल तर

तिथे दारू असते, म्हणून नियम वेगळे. ४० ग्रेनच्या, म्हणजे २.६ ग्रॅमच्या शिशाच्या गोळीवर मेणाचा थर असतो, आणि चेंबरच्या, म्हणजे गोळी भरायच्या जागेच्या, पुढच्या कडेला काजळी व शिशाचे कडे तयार होते. ते द्रावणात भिजवून कापडानेच निघते, फक्त वेळ द्यावा लागतो. आवरण असलेली सळई बोअर गाइडमधून, म्हणजे सळई सरळ ठेवणाऱ्या नळकांड्यातून, मागूनच घालावी. कापड तोंडातून बाहेर आले की काढून टाकावे, मगच सळई मागे घ्यावी. काशाचा ब्रश क्वचितच, आणि तो नळीच्या मध्यावर उलटा फिरवू नये. त्यानंतर १५-२० गोळ्या झाडल्यावर मेणाचा थर पुन्हा बसतो. तोवर साइट हलवू नका.